नाताळात दुसऱ्यासाठी काय मागाल?

निरगुडी

मंडळी, आमच्या ऑफिसात (कोलंबस, ओहायो) यंदा सीक्रेट सँटाला (चिठ्ठीत नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची, तो प्रकार) फाटा मिळाला. फार बरं झालं. पंचवीस डॉलरच्या मर्यादेत लोक काय आणणार? कॉफीचे मग आणि सुगंधी मेणबत्त्या. त्याच मेणबत्त्या पुढच्या वर्षी नवा कागद गुंडाळून परत यायच्या.

त्याऐवजी रिसेप्शनपाशी एक छोटं झाड ठेवलंय आणि शेजारी कोरी कार्डं. कार्डावर भेट मागायची, पण स्वतःसाठी नाही, ओळखीतल्या दुसऱ्या कुणासाठी तरी. अटी दोनच. माणूस खरा हवा, आणि कार्ड उचलणाऱ्याला ते देणं जमण्यासारखं हवं. 'जगात शांतता नांदो' असलं काही चालणार नाही.

मी पेन घेऊन बसले आणि काही सुचेना. आईसाठी नवा गुडघा मागावासा वाटतो, तो झाडावर कसा लटकवणार! लेक तिसरीत आहे, तिला हे सांगितलं तर तिने एका मिनिटात उत्तर दिलं: शाळेच्या बसच्या ड्रायव्हर आजोबांना बोटं उघडी असलेले लोकरीचे हातमोजे. प्रत्येक थांब्यावर दार उघडतं, थंडी आत येते आणि जाड मोजे घालून त्यांना बटणं दाबता येत नाहीत म्हणे. मी त्या बसला रोज हात करते, पण त्यांचे हात कधी पाहिले नव्हते.

तर प्रश्न असा: तुम्ही कुणासाठी काय मागाल? आणि कुणी तुमच्यासाठी असं काही मागितलं असेल तर त्याचा खरंच उपयोग झाला का, की देणाऱ्यालाच बरं वाटलं? सत्पात्री दानाचा काथ्याकूट दुसऱ्या धाग्यावर झालाय, कृपया तो इथे नको.

चिंचपोकळी_फास्ट

बॉससाठी एक छंद. शनिवारी त्याला मेसेज पाठवण्याखेरीज दुसरं काही सुचेल.

गवती_चहा

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). सायकल द्या. लांब जाईल.

तात्या_खडकीवाले

हे सगळं साहेबाच्या देशात नवीन असेल. आमच्याकडे दिवाळीला पोस्टमन, भंगी, पेपरवाला, दूधवाला सगळे पोस्त मागायला यायचे आणि वडील हातावर टेकवायचे. झाडबिड काही लागत नसे. ज्याला हवं तो दारात उभा राहून मागत असे.

लेस्टरकर

तात्या, साहेबाकडेही हेच होतं. २६ डिसेंबरला नोकरचाकर, पोस्टमन, दुकानातली पोरं यांना पैशाची पेटी मिळायची. आता त्या दिवशी इथे लोक फुटबॉल बघतात आणि सेलच्या रांगेत उभे राहतात.

(आणि तात्या, तो दुसरा शब्द आता वापरू नका हो. सफाई कामगार म्हणा.)

तात्या_खडकीवाले

मान्य. सफाई कामगार.

पेन्सिलतोड

निरगुडी, तुझ्या ऑफिसचं झाड म्हणजे एंजल ट्रीचं चुलत भावंड दिसतंय. सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेने १९७९ मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला हे सुरू केलं. मॉलमध्ये झाडावर कागदी देवदूत टांगलेले असतात. प्रत्येकावर मुलाचं वय, कपड्यांचं माप आणि एक इच्छा. आपण तो देवदूत घेऊन जायचा आणि वस्तू आणून द्यायची, नवी कोरी आणि कागदात न गुंडाळता. लहान मुलांचे कागद भराभर जातात. बाहुली घ्यायला सगळ्यांना आवडतं. बारा-तेराच्या पुढच्या मुलांचे मात्र शेवटपर्यंत लोंबकळत राहतात. 'हुडी, एक्सएल, काळा' यात कुणाला मजा वाटणार? आम्ही आता ठरवून मोठ्या पोरांचेच उचलतो.

दुसरं म्हणजे इथल्या, अमेरिकेच्या टपाल खात्याचं ऑपरेशन सँटा. सँटाच्या नावाने आलेली पत्रं १९१२ पासून लोकांना उत्तरासाठी मिळतात. आता ती ऑनलाइन असतात. आडनाव, पत्ता काळा केलेला. आधी स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते, मग पत्र निवडायचं, वस्तू घ्यायच्या आणि खोका पोस्टात नेऊन द्यायचा. टपालखर्च आपला. पत्ता फक्त त्यांना ठाऊक, आपल्याला कधीच कळत नाही. मागे मी उचललेलं पत्र एका मुलीचं होतं, आणि तिने स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं. मोठ्या भावासाठी कामावर घालायचे बूट हवे होते, न घसरणारे, साडेदहा नंबर. तो बर्गरच्या दुकानात फरशी पुसतो आणि पडतो, असं लिहिलं होतं. खाली तळव्याची पेन्सिलने काढलेली आकृती, बहुधा नंबरावर विश्वास नसावा.

बूट पोचले का, त्याला झाले का, काही कळलं नाही. कळणारही नाही.

निरगुडी

पेन्सिलतोड, हे वाचून मी ते पान उघडून बसलेय. ऑफिसचं काम बोंबललं.

हापूस_की_पायरी

मला कुणी दिलेल्या भेटीचा नाही, पण मी दिलेल्या भेटीचा अनुभव आहे. सासूबाईंना (सांगली) 'सगळं आहे गं घरात' हे एकच वाक्य येतं. म्हणून मागच्या नाताळात मी हायफर इंटरनॅशनलमधून (गरिबांना जनावरं देणारी संस्था) त्यांच्या नावाने शेळी दिली. म्हणजे तिकडच्या कुठल्यातरी गरीब कुटुंबासाठी. एकशेवीस डॉलर. त्यांना ईमेलवर सुंदर कार्ड गेलं.

रात्री दोन वाजता फोन. "अगं, शेळी येणार कधी? आणि बांधायची कुठं, टेरेसवर? सोसायटी परवानगी देईल का?" मी समजावलं की शेळी तुम्हाला नाही, तुमच्या नावाने दुसऱ्या कुणाला. थोडा वेळ शांतता. मग सासरे मागून म्हणाले, "मग दुसऱ्याला कार्ड पाठवायचं ना!"

आता कॉलनीभर त्यांना शेळीवाल्या आजी म्हणतात. त्या खूश आहेत की नाहीत, अजून कळलेलं नाही.

चिंचपोकळी_फास्ट

खिक्क! सासऱ्यांना माझा साष्टांग.

हिशेबी

रंगाचा बेरंग करतो, हलके घ्या. त्या कॅटलॉगच्या तळाशी बारीक अक्षरांत काय असतं ते वाचा. तुमचे पैसे अमक्या एका शेळीसाठी राखून ठेवले जात नाहीत, संस्थेच्या एकूण कामाला जातात. शेळी हे प्रतीक. यात फसवणूक नाही, ते उघड लिहितात. पण कार्ड पाहणाऱ्याची समजूत वेगळी होते.

आणि मुळात गरिबाला शेळीच हवी हे आपण का ठरवायचं? चारा, पाणी, ढोरांचा डॉक्टर हे सगळं त्यालाच बघायचंय. त्यापेक्षा रोख द्या. गिव्हडायरेक्टलीसारख्या संस्था केनियात थेट मोबाइलवर पैसे पाठवतात. ज्याला छप्पर हवं तो छप्पर घालतो, ज्याला शेळी हवी तो शेळी घेतो.

ओसरी

हिशेबी, रोखीचा मुद्दा पटतो, पण हायफरला इतकं स्वस्तात मोडीत काढू नका. तिचा संस्थापक, डॅन वेस्ट नावाचा अमेरिकन शेतकरी, स्पेनच्या यादवी युद्धात मदतछावणीत दूध वाटत होता. रोज पेले मोजून द्यायचे आणि रोज कमी पडायचे. त्याला वाटलं, पेला देण्यापेक्षा गाय दिलेली बरी. १९४४ मध्ये पहिल्या सतरा कालवडी जहाजाने पोर्तो रिकोला गेल्या. आणि अट अशी की मिळालेल्या जनावराचं पहिलं मादी पिल्लू शेजारच्या गरजू घरी द्यायचं. घेणारा लगेच देणारा होतो. मिंधेपणाचा प्रश्न त्याने तिथेच निकालात काढला, आणि ते रोख पैशाने होत नाही.

माझं शिक्षण दुसऱ्यांच्या पैशावर झालंय. वर्गासमोर उभं करून फीचं पाकीट देत असत. पैसे उपयोगी पडले, त्याबद्दल कृतज्ञ आहेच. पण मुख्याध्यापकांनी ते पाकीट घरी नेऊन दिलं असतं तर मी ते जास्त आनंदाने घेतलं असतं. निरगुडीच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे: उपयोग झाला, बरं वाटलं नाही.

हिशेबी

ओसरी, पिल्लाच्या अटीचा मुद्दा घेतो. आणि पाकिटाचाही.

खरं_बोलू_का

संक्रांतीचं वाण, दिवाळीची भाऊबीज, सगळं आहे आपल्याकडे. ते सोडून पाश्चात्त्यांचा नाताळ मराठी संकेतस्थळावर कशाला? मेंटल स्लेव्हरी म्हणतात ती हीच.

नंदाखाळकर

खरं_बोलू_का, नमस्कार. मी वसईचा. आमच्याकडे नाताळ पाश्चात्त्यांचा नाही, आमचा आहे, आणि आमची प्रार्थना मराठीतच होते. 'सुवार्ता' मासिक मराठीत निघतं. त्याचे अनेक वर्षांचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. नगर, जालना, मिरजेकडच्या ख्रिस्ती मंडळींचीही हीच गोष्ट. नगरच्या 'ज्ञानोदय'चा पहिला अंक १८४२ चा.

आता मूळ प्रश्नाकडे. आमच्याकडे नाताळात येशूजन्माचा गोठा (देखावा) करतात, नेवऱ्या, कलकल, दोदोल करतात आणि ताटं शेजारी जातात. दिवाळीत ज्यांच्याकडून फराळ आला त्यांच्याकडे तर हमखास. हे सगळं चालू आहे. पण मला भेट मागायची झाली तर आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांसाठी मागेन. मुलं कॅनडात, आखातात, ऑस्ट्रेलियात. बंगला मोठा, बाग मोठी, आत दोन माणसं, कुठे एकच. मुलं पैसे पाठवतात, टीव्ही पाठवतात. त्यांना हवं असतं ते मध्यरात्रीच्या मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनेला) नेऊन परत आणणारं कुणीतरी. रात्री रिक्षा मिळत नाही, गुडघे धरतात, अंधाराचं भ्या वाटतं. मग ते घरी बसून मोबाइलवर मिस्सा बघतात.

गेली काही वर्षं आमचा तरुणांचा गट गाड्या काढतो. चार जागांच्या गाडीत तीन आजी आणि एक काठी. अट एवढीच की मिस्सा संपल्यावर घाई करायची नाही, कारण खरा नाताळ त्यानंतर चर्चच्या अंगणात असतो. तिथे सगळ्यांना सगळे भेटतात आणि कोण वारलं, कोण आजारी आहे हे कळतं.

म्हापसेकर

नंदाखाळकर, क्या बात! गोव्यात आमच्या वाड्यावर असंच कोन्सुआदाचं (नाताळच्या गोडधोडाचं) ताट फिरतं. बेबिंक, दोदोल, दोस, नेवऱ्यो, पेराद. आम्ही हिंदू, पण २४ ला संध्याकाळी आईला स्वयंपाकघरात जायची गरजच पडत नसे. एक गोष्ट मला लहानपणापासून लक्षात आहे. ज्या घरात त्या वर्षी मयत झालेलं असेल त्या घरी गोड करत नाहीत. त्या घरी मग सगळ्यांकडून ताटं जातात, आणि ताट देणारा जरा वेळ बसतो. माझी आई अशा घरी कधी ताट पाठवत नसे, स्वतः घेऊन जाई.

मी मागेन ते हेच: ज्यांचा हा पहिला नाताळ (किंवा पहिली दिवाळी) कुणाशिवाय आहे, त्यांच्याकडे कुणीतरी जाऊन बसावं. फॉरवर्ड केलेला मेसेज पाठवू नये.

खरं_बोलू_का

ठीक आहे, वसईबद्दल माहीत नव्हतं. पण कोलंबसचं काय?

गवती_चहा

कोलंबस चुकून तिकडे गेला, तो निघाला होता आपल्याकडेच.

व्यवस्थापक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. सणांची तुलना करायची असेल तर वेगळा धागा काढावा. इथे विषयाला धरून लिहा.

रात्रपाळी

मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आमच्या वॉर्डात अर्ध्या मुली केरळच्या, काही वसईच्या, काही नागपूरकडच्या. २४ च्या रात्रीची ड्युटी कुणाला लागते यावरून दरवर्षी नोव्हेंबरपासून धुसफूस असते. रुग्ण काही नाताळची सुट्टी घेत नाहीत.

आमच्याकडे भेट म्हणजे ड्युटी. मी २४ ची रात्र घेते, माझी मैत्रीण लक्ष्मीपूजनाची रात्र घेते. ईदेला तिसरी. कागदावर हे फक्त 'म्युच्युअल चेंज' म्हणून दिसतं, दोन सह्या आणि इन्चार्ज सिस्टरची तिसरी. पैसा खर्च होत नाही. पण ती सकाळी मिस्सा करून, केक घेऊन सातच्या हँडओव्हरला येते तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

म्हणून परदेशातल्या मंडळींना विचारते: तुम्ही 'कुणाला काय द्यावं' म्हणून दुकानं पालथी घालता. तुमच्या हाताखालच्या किंवा बरोबरच्या कुणाला नाताळात सुट्टी मिळत नाहीये, हे बघितलंय का?

लॉगआऊट

रात्रपाळी, मान गये. आमच्या टीममध्ये (सिअ‍ॅटल) डिसेंबरचं ऑन-कॉल म्हणजे शिक्षाच समजतात. मी आणि एक तेलुगू मित्र दरवर्षी २४-२५ घेतो. तसाही माझ्या घरी त्या दिवशी पोहे असतात. एका सहकाऱ्याची मुलगी तान्ही होती, तिचा पहिला नाताळ. त्याने माझे हात धरून आभार मानले आणि मला फार संकोच झाला, कारण त्या रात्री सर्व्हरने एकदाही हाक मारली नाही. मी झोपलो होतो.

बदल्यात दिवाळीला सुट्टी मागावी तर त्यांना दिवाळी कधी येते हेच दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. तारीख बदलते म्हटलं की मॅनेजरच्या चेहऱ्यावर संशय.

चिंचपोकळी_फास्ट

"तुमचा सण दरवर्षी सोयीस्करपणे लाँग वीकेंडलाच येतो" हे ऐकलंय.

उट्रेख्तची_मधुरा

नेदरलँड्समध्ये भेटींचा सण २५ डिसेंबर नाही, ५ डिसेंबरची संध्याकाळ. सिंटरक्लास, म्हणजे संत निकोलस, नोव्हेंबरमध्ये बोटीतून येतात. मुलं रात्री बूट ठेवून झोपतात, त्यात घोड्यासाठी गाजर. मोठी माणसं चिठ्ठ्या काढतात आणि ज्याचं नाव आलं त्याच्यासाठी वस्तू आणायची. पण वस्तूपेक्षा महत्त्वाची असते कविता. यमक जुळवून त्या माणसाची वर्षभराची खोडी काढायची, आणि ती त्यानेच सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. खाली सही सिंटरची, म्हणून लिहिणाऱ्यावर राग काढता येत नाही.

यात पैशाला काही किंमत नसते. लिहिण्यासाठी त्या माणसाकडे नीट लक्ष द्यावं लागतं. माझ्यावरच्या कवितेत मी जिन्यात शेजाऱ्यांच्या कुंड्यांना चोरून पाणी घालते हे होतं. मला वाटत होतं कुणी बघत नाही.

निरगुडी, तुझ्या लेकीने हातमोजे सुचवले ना, ती इथे असती तर तिला कविता छान जमली असती.

जावई_जॉर्जिया

एक व्यावहारिक प्रश्न. वडिलांना वस्तू नको, त्यांच्या नावाने आनंदवनला किंवा गावाकडच्या एखाद्या वाचनालयाला पैसे द्यावेत असं वाटतं. मी आता अमेरिकन नागरिक आहे, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. सरळ माझ्या भारतातल्या खात्यातून पाठवले तर चालतं ना?

हिशेबी

जावईबापू, थांबा. पासपोर्ट भारतीय असता तर स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय योगदान धरले जात नाहीत. नागरिकत्व बदललं की तुम्ही परकीय स्रोत, ओसीआय असलात तरी, आणि खातं भारतातलं असलं तरी. मग संस्थेकडे एफसीआरएची (परकीय योगदानाच्या कायद्याची) नोंदणी हवी, आणि पैसे तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच जायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर हेच आहे. गावच्या वाचनालयाकडे ही नोंदणी असण्याची शक्यता कमी. तुम्ही प्रेमाने पाठवाल आणि नोटीस येईल सेक्रेटरीला, जो निवृत्त शिक्षक असतो. आधी संस्थेला विचारा, मग पाठवा.

अमेरिकेतली करसवलत हवी असेल तर पैसे तिथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत जायला हवेत. आणि वडील स्वतः देणार असतील तर देणगीवरची करवजावट (८०जी) आहे, पण दोन हजारांवर रोख चालत नाही आणि नव्या करप्रणालीत ही वजावट मिळतच नाही. बरेच लोक पावती जपून ठेवतात आणि मार्चमध्ये डोकं धरतात.

जावई_जॉर्जिया

बाप रे. धन्यवाद, हिशेबी. वाचनालयासाठी पैसे भाऊच देईल, तो पुण्यात आहे आणि भारतीय आहे. मी त्याला पुस्तकांची यादी देतो.

ओसरी

यादी तुम्ही करू नका. ग्रंथपालांना करू द्या. नाहीतर पुन्हा शेळीच झाली.

हापूस_की_पायरी

शेळीला मध्ये आणू नका, ती आता घरातली आहे.

गवती_चहा

आनंदवनावरून आठवलं, तिथली भेटकार्डं मिळायची. वरोऱ्याहून यायची, तिथल्याच लोकांनी हाताने केलेली. आमच्याकडे डिसेंबरात ती आणि 'क्राय'ची कार्डं यायची. आई पोस्टाची तिकिटं लावायला बसवायची. हल्ली कार्ड पाठवलं तर लोक फोन करून विचारतात, सगळं ठीक आहे ना?

लेस्टरकर

इथली एक पद्धत सांगतो, कुणाला मुलांबरोबर करायची असेल तर. अ‍ॅडव्हेंट कॅलेंडरमध्ये रोज एक खिडकी उघडून चॉकलेट खायचं असतं. त्याचं उलटं करायचं: एक खोका घ्यायचा आणि रोज त्यात एक वस्तू टाकायची, मग तो फूड बँकेला द्यायचा. पण एक लक्षात घ्या, १ डिसेंबरला सुरू करून २४ ला नेला तर तो खोका नाताळनंतरच उघडतो, कारण छाननी आणि तारखा बघायला स्वयंसेवकांना वेळ लागतो. आम्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू करतो. आणि बीन्सचे डबे सगळेच देतात. टूथपेस्ट, सॅनिटरी पॅड, डायपर, कॅन ओपनर हे कुणाला सुचत नाही. डबा आहे आणि उघडायला काही नाही, अशी घरं असतात.

लंडनमध्ये 'क्रायसिस' नावाची संस्था नाताळच्या आठवड्यात बेघरांसाठी केंद्रं उघडते. जेवण असतंच, पण न्हावी, दंतवैद्य, पाय तपासणारेही असतात. सतत चालणाऱ्या माणसाचे पाय आधी जातात. तिथे स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलेल्यांत हिंदू, मुसलमान, शीख बरेच भेटतात, कारण त्या दिवशी आम्ही रिकामे.

तात्या_खडकीवाले

हे बरं आहे. कॅन ओपनर मला सुचला नसता.

पेन्सिलतोड

शू-बॉक्सवाले प्रकारही इथे जोरात असतात, खोका भरून परदेशी मुलांना पाठवायचा. द्यायला हरकत नाही, पण त्यातली सगळ्यात मोठी मोहीम धर्मप्रचार करणाऱ्या संस्थेची आहे आणि ती तसं उघड म्हणते. आपलं आपण ठरवावं. बाकी मरीन कोअरवाले (इथल्या सैन्यदलाचे लोक) १९४७ पासून खेळणी गोळा करतात, त्यात काही भानगड नाही.

निरगुडी

किती छान लिहिलंय सगळ्यांनी! जमेल तशी उत्तरं देते.

मधुरा, कविता लेकीला वाचून दाखवली, म्हणजे कल्पना. ती आता माझ्यावर लिहिणार आहे. मी घाबरलेय.

आमच्या पोस्टमन बाईंना पन्नास डॉलरचं पाकीट द्यायचं ठरवलं होतं...

पेन्सिलतोड

नको! टपाल कर्मचाऱ्यांना रोख घेता येत नाही, आणि भेटवस्तू एका प्रसंगाला वीस डॉलरपर्यंतच, वर्षाला एकाकडून पन्नास. दुकानाचं गिफ्ट कार्ड चालतं, रोखीत बदलता येणारं नाही. तू प्रेमाने देशील आणि तिला नाही म्हणावं लागेल.

निरगुडी

बरं झालं सांगितलंस. कॉफीच्या दुकानाचं कार्ड देते.

आता ऑफिसच्या झाडाबद्दल. रात्री सफाईला एक बाई येतात. दुसऱ्या कंपनीच्या कंत्राटावर आहेत, म्हणून आमच्या कुठल्याच पार्टीत, कुठल्याच यादीत नसतात. त्यांना गाडी मागच्या मैदानात लावावी लागते, कारण पुढच्या जागा 'स्टाफ'च्या. रात्री अकराला बर्फातून तेवढं चालायचं. तर मी लिहायचं म्हणतेय: डिसेंबर ते मार्च, संध्याकाळी सहानंतर, दाराजवळची एक जागा त्यांना. खर्च शून्य.

रात्रपाळी

उत्तम. फक्त त्यांना आधी विचारा. आणि झाडावर नाव लिहू नका. ओसरींच्या पाकिटासारखं व्हायला नको.

ओसरी

रात्रपाळीला अनुमोदन. आणि खरं म्हणजे ही भेट नाहीच, ही फॅसिलिटीजच्या माणसाला एक ईमेल आहे. सहानंतर रिकाम्या जागेत कुणाची गाडी उभी राहिली तर कोण अडवतंय? झाडावर टांगलंत तर मार्चनंतर 'भेट संपली' म्हणून त्यांना परत मागच्या मैदानात पाठवतील.

निरगुडी

हा विचार केलाच नव्हता. ईमेल लिहिते. मग झाडासाठी पुन्हा पाटी कोरी!

हिशेबी

हातमोजे आहेत की. लेकीचं नाव घालून टांगा.

निरगुडी

ते आमच्या घरूनच गेले. तिला कार्ड उचलणाऱ्याची वाट बघवेना.

चिंचपोकळी_फास्ट

मग बॉसचा छंद. तो अजून कुणी उचललेला नाही.

लॉगआऊट

मी एक देतो, वापरा. तुमच्या टीममध्ये ज्याची आई नाहीतर बाप आजारी आहे त्याच्यासाठी: जानेवारीतले दोन शुक्रवार, मीटिंग नाही, कुणीतरी दुसऱ्याने ती सांभाळायची. आमच्याकडे एकाने हे मागितलं होतं, मीच उचललं. त्याच्या आईच्या केमोला तो गाडी चालवत गेला.

निरगुडी

हे लिहिते. असा एक आहे आमच्यात. आधी विचारते त्याला.

नंदाखाळकर

वसईच्या कुणाला २४ ला गाडी घेऊन यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मागच्या सीटवर काठी मावेल एवढी जागा ठेवा, बाकी आजी बघून घेतात.

गवती_चहा

म्हापसेकर, ते पेराद म्हणजे पेरूचं ना? कृती द्या की.

म्हापसेकर

पेरूचंच. पण वेगळा धागा काढा, इथे हिशेबी पेरूचा दर विचारतील.

हिशेबी

किलोला किती साखर, एवढंच विचारणार होतो.